एक्केचाळिसावा दिवस

आमच्या शाळेत त्यांना सगळे बदलीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं बाई. पण पाठ वळली की शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आणि मी त्या शाळेचा कारकून. कारकून म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेबलावर डुलक्या काढणारा माणूस येतो. मी तसा नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर तेहतीस वर्षं माझ्या ताब्यात होतं आणि त्यावर कधी शाईचा डाग पडला नाही की खाडाखोड झाली नाही. या बाईंचं वाटोळं त्याच मस्टराने केलं, आणि मस्टर मी लिहीत होतो.

त्या पहिल्यांदा आल्या त्या पाच दिवसांसाठी. गणिताच्या बाईंना कांजिण्या झाल्या होत्या आणि वर्ग डोक्यावर घेतला होता पोरांनी. बदलीबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचे खडू. मी म्हटलं, अहो, खडू शाळा देते. तर म्हणाल्या, कपाट त्यांचं आहे, त्या नसताना उगाच कशाला हात लावायचा. खुर्चीचंही तसंच. वर्गातल्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. पाचही तास उभ्या. पुढे कांजिण्यावाल्या बाई बऱ्या होऊन आल्या, मग दुसऱ्या कुणाचं बाळंतपण निघालं, मग तिसऱ्यांचं पाठीचं ऑपरेशन, मग एक जागा दोन वर्षं रिकामीच राहिली. पाच दिवसांची एकोणीस वर्षं झाली, आणि बाई उभ्याच होत्या.

आता नियम सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नुसती पदवी असलेल्याला बदलीवर घेता येत असे, पण एका वर्गावर सलग चाळीस शाळेचे दिवस, जास्त नाही. एक्केचाळिसावा दिवस लागला की ती दीर्घ मुदतीची बदली. तिला पदवीबरोबर अध्यापनाच्या दोन वर्षांच्या कोर्सचं प्रमाणपत्र पाहिजे. बाईंकडे गणिताची पदवी होती, तीही चांगल्या मार्कांची. कोर्सचं मात्र एकच वर्ष झालेलं. दुसरं वर्ष सुरू होता होता वडील गेले. आई गुडघ्यांनी अधू, दुसरं कोणी नाही. कोर्स म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, रोज हजर पाहिजे. पुढच्या वर्षी बघू, असं करत करत वयाची अट आडवी आली आणि ते दार बंद झालं.

मग एकोणीस वर्षं त्या टिकल्या कशा? माझ्यामुळे टिकल्या. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगत असे. चाळीस दिवस भरले की एक्केचाळिसाव्या दिवशी मी मस्टरवर बाईंच्या रकान्यात लाल शाईने 'खंड' असं लिहायचो. त्या दिवशी त्यांनी घरी बसायचं, वर्गावर चित्रकलेचे सर जाऊन बसायचे. बेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी नवं नेमणूकपत्र टाईप करून ठेवलेलं असायचं, 'आजपासून' म्हणून. बाई सही करायच्या आणि पुन्हा एकपासून मोजणी सुरू. सगळ्या शाळा असंच करायच्या. पण माझ्याइतकं चोख कोणी नाही. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरात बाईंचा एक्केचाळिसावा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच गोल करून ठेवलेला असे.

एकदा तो गोल नेमका चाचणीच्या दिवशी आला. बाई आदल्या दिवशी दारात येऊन उभ्या राहिल्या. खंड परवा घेतला तर चालेल का, पोरं घाबरतात, मी समोर असले की बरं पडतं, असं म्हणाल्या. मी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, बाई, नियम म्हणजे नियम. केवढा तोरा होता मला. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी चाचणी घेतली. चौथ्या गणितात छपाईची चूक होती, ती त्यांच्या लक्षात आली नाही, आणि अर्धा वर्ग त्या गणितापाशी अडून बसला. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

वर्गात अशी समजूत होती की बाईंना ठरावीक दिवसांनी ताप येतो. पोरं काय, कशाचाही अर्थ लावतात. एका मुलीने तर आईला विचारून तापावरचं पथ्य कागदावर लिहून आणलं होतं, आणि बाईंनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. खोटं आहे म्हणून सांगायचं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

शिकवणं कसं होतं, हे मी कारकून माणूस काय सांगणार. पण माझ्या खोलीची खिडकी सातवीच्या वर्गाला लागून होती, त्यामुळे कानावर पडायचं. बाईंचा आवाज कधी चढला नाही. फळ्यावरचं गणित चुकलं की त्या पुसायच्या नाहीत. 'इथपर्यंत बरोबर आहे,' म्हणायच्या आणि जिथवर बरोबर असेल तिथे एक बारीक रेघ मारायच्या. मग पोरगं तिथून पुढे आपोआप निघायचं. त्यांची एक वही होती. प्रत्येक मुलाला एक पान आणि पानावर तो कुठे अडतो ते. अपूर्णांकांच्या बेरजेत छेदही मिळवतो. हातचा विसरते, पण घाई असेल तेव्हाच. उत्तर येतं, हात वर करत नाही. असल्या एकोणीस वह्या झाल्या असतील. मोठमोठ्या पगारांच्या शिक्षकांनी माझ्याकडे हजार अर्ज दिले असतील, पण अशी वही मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाही.

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या झाल्या त्या वर्षी सातवीच्या गणिताच्या शिक्षिकेने नवऱ्याची बदली झाली म्हणून राजीनामा दिला. जागा कायमची रिकामी झाली. वर्गावर अर्थातच बदलीबाई होत्या. आणि त्याच महिन्यात वरून परिपत्रक आलं.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, पुढच्या सत्रापासून खंडाचं सोंग चालणार नाही. मधे दिवस तोडला तरी नेमणूक एकच धरली जाईल आणि चाळीस दिवसांच्या पुढे पदवी आणि कोर्स दोन्ही लागतील. दुसरी, जुन्या लोकांवर अन्याय नको म्हणून एकदाच सवलत. पदवी आणि कोर्सचं निदान एक वर्ष झालेल्या माणसाने पूर्वी कधीही, एका शाळेत, एका वर्गावर सलग एकशे वीस शाळेचे दिवस शिकवलं असेल, तर शाळेच्या दाखल्यावर त्याला पात्र धरावं आणि रिकामी जागा असल्यास कायम करावं. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मी ते तीनदा वाचलं. सलग एकशे वीस दिवस भरणार कुणाचे? जिथे चाळीस दिवसांचा नियम मोडला गेला, त्यांचे. ज्यांनी नियम पाळला ते अपात्र. शेजारच्या शाळेतला कारकून म्हणजे डुलक्या काढणाऱ्यांचा राजा. त्याने आळसापोटी कित्येक वर्षं खंड लिहिलेच नव्हते. त्याच्या तिघी जणी एका झटक्यात पात्र ठरल्या. त्याने मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात जांभई होती. मी फोन आपटला. तो शहाणा आणि मी मूर्ख, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई आल्या. परिपत्रक त्यांनी सूचनाफलकावर वाचलं होतं. खडूचे हात पदराला न पुसता तसेच पुढे धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझे कुठे एकशे वीस निघतील का?"

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, बघतो, निघतील, न निघायला काय झालं. मला चांगलं ठाऊक होतं की माझ्या हातून एकही एक्केचाळिसावा दिवस सुटलेला नाही. तरी म्हटलं.

मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं आणि एवढंच सांगितलं, दाखला तुम्ही तयार करा, मी सही करीन, मस्टर मागणार नाही. हुशार बाई. केलंच काही तर ते माझ्या टेबलावर राहावं, अशी सोय. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती, आणि तेही त्यांना ठाऊक होतं.

सलग तीन दुपारी मी रेकॉर्डच्या खोलीत बसलो. कपाटं ओलीने फुगलेली, खालच्या मस्टरांना कसर लागलेली. एकेक वर्ष उघडायचं आणि बाईंच्या रकान्यावरून बोट खाली न्यायचं. चाळीस सह्या, मग लाल खंड. पुन्हा चाळीस, पुन्हा खंड. माझं अक्षर चांगलं आहे. ते इतकं चांगलं आहे याचा राग येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी एकदम आठवलं. बाईंच्या नवव्या वर्षी मी याच खोलीत स्टुलावरून पडलो होतो. मांडीचं हाड मोडलं, प्लेट टाकली, साडेचार महिने अंथरुणाला खिळलो. माझ्या जागी कोणी आलं नव्हतं. शिपाई मस्टर वर्गावर्गातून फिरवायचा आणि मोठ्या बाई जमेल तसं बघायच्या. माझ्याशिवाय एक्केचाळिसावा दिवस कोण मोजणार होतं? पडायच्या आठवड्यातच मी एक खंड लिहिला होता, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांनी पुढचा. मधले दिवस मी बोटांवर मोजले. सुट्ट्या वजा करून एकशे बावीस भरत होते.

मी खुर्चीवरून उठलो, त्या मोडक्या पायावर जवळजवळ उडी मारली म्हणा ना. शिपायाला हाक मारून ते मस्टर वरून काढायला लावलं, आणि बाईंना निरोप पाठवला की शाळा सुटल्यावर जरा थांबा, बहुतेक काम झालं. मस्टर उघडायच्या आधी हा निरोप पाठवायला नको होता. पण मला राहवलं नाही.

मग मस्टर उघडलं. चाळीस सह्या होत्या. एक्केचाळिसाव्या चौकोनात 'खंड' लिहिलं होतं, निळ्या शाईने, बारीक, सरळ, बाईंच्या स्वतःच्या अक्षरात. खाली कंसात 'मोठ्या बाईंना कळवले आहे'. पान उलटलं. पुन्हा चाळीस, आणि पुन्हा बाईंच्या हाताने खंड. आणि तेव्हा मला आठवलं की कुबड्या घेऊन परत आलो त्या दिवशी मी हे पाहिलं होतं. पाहून इतका खूश झालो होतो की स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो, बघा, मी नसताना एकट्या या बाईंनी काम चोख ठेवलं. आणि बाईंना त्या कौतुकाने किती आनंद झाला होता.

शाळा सुटली. बाई आल्या. चेहऱ्यावर निरोपाचा परिणाम दिसत होता. केस ओल्या हाताने सारखे करून आल्या होत्या. मी मस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलंय."

मी विचारलं, का? आवाज माझा जरा चढलाच. अहो, कोणी मोजत नव्हतं, कोणी विचारलं नसतं, सगळी शाळा विसरली होती.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुम्ही आल्यावर तपासणीत तुमच्यावर ठपका आला असता. आणि मला वाटलं, भाऊसाहेब, की आपण नियमात बसत नाही असं एकदा कुणाच्या लक्षात आलं, तर पुन्हा बोलावणारच नाहीत. मला बोलवत राहावं, एवढंच पाहिजे होतं."

 माझ्या खणात ब्लेड होतं. निळ्या शाईचं पेनही होतं. दोन चौकोन खरवडायचे, दोन सह्या करायच्या, पाच मिनिटांचं काम. मोठ्या बाई मस्टर मागणार नव्हत्या. बाईंना हे सगळं दिसत होतं, कारण त्या मूर्ख नव्हत्या, आणि मलाही दिसत होतं की त्यांना दिसतंय. त्या मागतील म्हणून मी थांबलो. मी म्हणेन म्हणून त्या थांबल्या असतील. मी म्हटलं नाही. तत्त्वासाठी नाही, तसला आव मी आणत नाही. मी भ्यालो. दोन वर्षांनी मिळणारं पेन्शन डोळ्यांसमोर आलं, एकतीस वर्षांचं स्वच्छ मस्टर डोळ्यांसमोर आलं, आणि माझा हात खणाकडे गेला नाही.

शेवटी त्याच म्हणाल्या, दाखला तर द्या, जो असेल तो. मी मशीनला कागद लावला. एकूण सेवा, एकोणीस वर्षं. सर्वांत मोठी सलग सेवा, चाळीस दिवस. बाईंनी तो वाचला, आकडे पुन्हा एकदा पाहिले, बरोबर आहे म्हणाल्या आणि चार घड्या करून पिशवीत ठेवला. जाताना माझ्या पायाची चौकशी केली.

पुढच्या सत्राला नवी मुलगी आली. पदवी, कोर्स, सगळं जिथल्या तिथे. तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ठेवायचं होतं. बाईंनी तिला ती सातवीची वही दिली, एकेका पानावर बोट ठेवून अर्धा तास समजावलं. नव्या मुलीने त्यांना बसा म्हणून खुर्ची पुढे केली. त्या नको म्हणाल्या. शिपायाने फाटकापर्यंत त्यांची पिशवी नेली आणि परत आल्यावर दिवसभर कुणाशी धड बोलला नाही.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी वाट पाहत होतो. कुणी आजारी पडतंय का, याची. वाईट आहे, पण खरं आहे. सहा महिन्यांनी नव्या मुलीने लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा टाकली, आणि मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. तीन आठवडे म्हणजे चाळीसच्या आत. तेवढ्याला अजूनही नुसती पदवी पुरत होती. मी लगेच बाईंचा मोबाईल लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. तेव्हा जुन्या रजिस्टरातून त्यांच्या घरचा नंबर काढून फोन केला. दुपारचे साडेअकरा वाजले असतील. फोन त्यांच्या आईने उचलला.

बाई आहेत का, म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, ती या वेळेला कुठली घरी, शाळेत गेली आहे. सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन गेली.

क्षणभर मला वाटलं, दुसऱ्या एखाद्या शाळेत लागल्या. बरं वाटलं. कुठल्या शाळेत, असं विचारलं, तर आई म्हणाल्या, "कुठल्या म्हणजे, तिच्याच. एकोणीस वर्षं झाली. आता कायम केलं ना तिला! तेव्हापासून घरी यायलाही उशीर होतो. तिथल्या भाऊसाहेबांनी दाखला दिला म्हणून झालं, असं सांगत होती. फार चांगला माणूस आहे म्हणाली." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?"

मी म्हटलं, "मीच तो भाऊसाहेब."

त्यांना इतका आनंद झाला की काय बोलू आणि काय नको, असं झालं त्यांना. किती आशीर्वाद दिले. मग मधेच गोंधळल्या. म्हणाल्या, मग ती तुमच्यासमोरच असेल की, घरी कशाला फोन केलात?

कागदावर दोन चौकोनांचं खोटं लिहायला जो माणूस धजला नव्हता, त्याने सांगितलं, "मी आज रजेवर आहे, आई. घरून बोलतोय. त्या वर्गावर असतील."

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा सुरू झाली, माझ्या खिडकीबाहेरच. मी फोनवर हात दाबून धरला आणि ती थांबेपर्यंत तसाच बसून राहिलो.